जोडाची आतली बाजू

दारूचा वास आला की आत्माराम भोईर रस्ता बदलायचा. जूचंद्रच्या नाक्यावर देशीचं दुकान होतं. ते टाळायला तो तळ्याच्या बाजूने वळसा घालून घरी यायचा, आणि त्याची बायको जयवंती त्याला ‘उशीर का झाला’ असं कधी विचारायची नाही. तिला कारण ठाऊक होतं.

आत्मारामचे वडील मिठागरावर कामाला होते. हाताने पक्के कारागीर, पण संध्याकाळ झाली की पाय गुत्त्याकडे वळायचे. शेवटी कावीळ झाली आणि माणूस गेला. आत्माराम तेव्हा आयटीआयला वेल्डिंग शिकत होता. दिवसपाणी उरकल्यावर आई त्याला चंडिकेच्या डोंगरावर घेऊन गेली आणि देवीसमोर त्याचा हात धरून म्हणाली, “थेंब घेशील तर मला आई म्हनू नको.” त्याने शपथ घेतली आणि पाळलीही. आई गेल्यावरसुद्धा.

अशा माणसाच्या हातून बिअरच्या टाक्या घडल्या, त्याची ही गोष्ट.

आत्माराम गोखिवऱ्याला एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये नोकरीला होता. स्टीलचं काम. दुधाच्या टाक्या, हॉटेलांची मोठी भांडी, कधी औषध कंपन्यांच्या कढया. त्याचं आर्गन वेल्डिंग बघायला शेजारच्या शेडमधले लोक येऊन उभे राहायचे. माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा जोड, कुठे उंच नाही, कुठे खोल नाही. टाकी तयार झाली की टेम्पोत चढायची आणि निघून जायची. कुठे गेली, तिच्यात काय साठवलं, ती चांगली चालली की गळली, हे आत्मारामला कधी कळलं नाही. ते शेठचं खातं. आत्मारामला पुढचा पत्रा मिळायचा.

२००८ साली दोन उंच टाक्यांचं काम आलं. खालून निमुळत्या, गाजरासारख्या. शेठ म्हणाला, “ज्यूसच्या आहेत.” काम अर्धं झाल्यावर एक तरुण बाई बघायला आली. साधी जीन्स, केस बांधलेले, खिशात टॉर्च. तिने टाकीत डोकं घातलं, आत हात फिरवला आणि विचारलं, “हे पॉलिश कुणी केलं?”

“मी,” आत्माराम म्हणाला.

“आरसा आहे हो हा. दादा, तुमचं नाव काय?”

नाव विचारणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. तिने आपलंही सांगितलं, सालोमी. गाव जवळचंच पापडी, नोकरी पुण्याला. टाक्या टेम्पोत चढवायच्या दिवशी ती पुन्हा आली आणि बोलता बोलता म्हणाली, “महिन्याभरात यात पहिली बिअर आंबायला घालणार.”

आत्माराम दोर बांधत होता. त्याचे हात थांबले. पण टेम्पो भरला होता, आणि आता बोलण्यात अर्थ नव्हता.

घरी त्याने आठवडाभर काही सांगितलं नाही. मग एकदा जेवताना सांगून टाकलं. जयवंतीने भाकरी तव्यावरच ठेवली. म्हणाली, “तुमाला म्हायती नव्हतं ना?”

“नव्हतं.”

“मंग सोरा, जाऊ द्या.” आणि तिने भाकरी उलटली. विषय तिथेच संपला असं दोघांनाही वाटलं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत शेडच्या फोनवर सालोमीचा फोन आला. शेठला नव्हे, आत्मारामला. पापडीला तिच्या मामांच्या वाडीत एक कार्यक्रम होता. देशात तेव्हा छोट्या प्रमाणात, स्वतःच्या हाताने बिअर बनवणारे मोजकेच लोक होते. त्यांतले तिघेचौघे आपापली बिअर घेऊन येणार, लोक चव घेणार, आणि ज्याने बनवली त्यालाच समोरासमोर विचारणार. एका दिवसाचा परवानाही काढला होता.

“आत्मारामदादा, तुम्ही यायलाच हवं. टाक्या तुमच्या आहेत.”

“मॅडम, मी घेत नाय.”

“घेऊ नका ना. फुगे खा. आमच्या आंटी तळणार आहेत.”

त्याने नाही म्हणायचं ठरवलं होतं, पण फोन ठेवल्यावर मन त्यातच अडकलं. इतक्या वर्षांत त्याच्या हातच्या एकाही भांड्याने त्याला परत हाक मारली नव्हती. ही पहिलीच. रविवारी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. जयवंती दारात उभी होती.

“जाताव तर जा,” ती म्हणाली. “पन आईची आठवन ठेवा.”

सालोमीच्या मामांचं नाव सॅन्टन. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आता चिकू आणि केळी बघत बसलेले. त्यांच्या विहिरीपाशी मांडव घातला होता. मांडवात टेबलं, टेबलांमागे बर्फात बुडवलेली स्टीलची पिंपं, आणि प्रत्येक पिंपामागे एक माणूस. आत्माराम कुंपणाजवळच थांबला. त्याच्या डोक्यातलं चित्र गुत्त्याचं होतं. आरडाओरडा, लटपटणारे पाय, कुणीतरी भिंतीला टेकून ओकतंय. इथे तर शाळेच्या प्रदर्शनासारखं चाललं होतं. लोक ओंजळीत मावेल एवढा ग्लास घेऊन उजेडाकडे धरत होते, नाकाजवळ नेत होते, घोटभर घेत होते, उरलेलं सरळ बादलीत ओतत होते आणि मग पाच-पाच मिनिटं बोलत होते. एवढं थोडं पिऊन एवढं जास्त बोलणारी माणसं त्याने जन्मात पाहिली नव्हती.

“भोईर का?” सॅन्टन मास्तरांनी त्याला हाताला धरून आत आणलं. “या, या. सालोमी सकाळपासून विचारतेय.”

सालोमीच्या टेबलावर दोन पिंपं होती. दोन्हींत एकच बिअर, गव्हाची. एकाच दिवशी शिजवलेली, फक्त आंबवायला वेगवेगळ्या टाक्यांत घातलेली. तिने आत्मारामला एक रिकामी खुर्ची दिली आणि फुग्यांची, म्हणजे तळलेल्या गोल पावांची, बशी पुढे केली. तो खात खात ऐकत राहिला.

समोर एक म्हातारे सरदारजी आले. गुडगावला त्यांची स्वतःची छोटी भट्टी होती, तिकडून ते आपलं पिंप घेऊन आले होते. त्यांनी पहिला ग्लास हुंगला आणि मान डोलावली. दुसरा हुंगला आणि डोळे बारीक केले. एक घोट घेतला, बादलीत थुंकले.

“बेटी, इस में कोई और भी रह रहा है.”

सालोमी लपवायला गेली नाही. “म्हणूनच दोन्ही आणलीत,” ती म्हणाली, मग त्यांच्यासाठी हिंदीत सगळं सांगितलं. पहिल्या टाकीतली बिअर चांगली निघते, दुसरीतली दर वेळी आंबट होते. तिने यीस्ट बदललं, पाणी तपासलं, सगळं उकळून धुतलं. पुण्याच्या भट्टीचे मालक आता म्हणायला लागलेत की मुलीला जमत नाही, बाहेरचा माणूस आणू. हे सांगताना तिचा आवाज किंचित खाली आला.

“टंकी किसने बनायी?” सरदारजींनी विचारलं.

सालोमीने आत्मारामकडे हात केला. आजूबाजूच्या चार माना वळल्या. आत्मारामच्या हातातला फुगा तसाच राहिला. त्याला वाटलं, आता उठावं आणि चालायला लागावं. पण सरदारजी त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, “मेरे साथ भी हुआ था, भाई. अंदर का वेल्ड देखा है?”

“आतून आरसा हाय, साहेब. मी स्वतः बफिंग केलंय.”

“टंकी का नहीं. नीचे जो नली जाती है, उसका.”

आत्मारामने ती नळी डोळ्यांसमोर आणली. तळाची नळी दोन बोटांएवढी. तिच्यात हात जात नाही. बाहेरून जोड सुंदर होता, त्याच्या सगळ्या जोडांसारखा. आतून कसा होता, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. शेडमध्ये कुणी कधी बघितलंच नव्हतं.

त्याने ते दोन ग्लास जवळ ओढले. मग सालोमीला म्हणाला, “मॅडम, फरक काय पडतो तो मला कळला पायजे.”

“वास घ्या.”

त्याने पहिला ग्लास नाकाशी नेला. दचकला. “यात केळं घातलंय?”

सालोमी हसली. “नाही. केळं, फळ, काहीच नाही. यीस्टच तो वास बनवतं.”

पापडीच्या वाडीत, केळीच्या झाडांखाली बसून, गव्हाच्या रसाला केळ्याचा वास. त्याने पुन्हा हुंगला. मग दुसरा. तिथेही केळं होतं, पण त्याच्यामागे काहीतरी होतं, झाकून ठेवलेलं. नाकाला नीट सापडेना.

मिठागरावर त्याचे वडील एक गोष्ट करायचे. खाजणातलं पाणी कितपत मुरलंय, मीठ कधी धरेल, हे बघायला ते बोट बुडवून जिभेला लावायचे आणि थुंकून टाकायचे. लहानपणी त्याने ते शंभरदा पाहिलं होतं. वडिलांची ही एकच आठवण अशी होती जिला दारूचा वास नव्हता. आत्मारामने करंगळी बुडवली, जिभेच्या टोकाला लावली. दुसऱ्या ग्लासात बुडवली, लावली. उठून बादलीपाशी गेला, थुंकला, विहिरीच्या पाण्याने खळखळून चूळ भरली.

“शिळ्या ताकासारखं,” तो परत येऊन म्हणाला. “मागच्या बाजूला लागतं.”

“बरोबर,” सालोमी म्हणाली.

त्या दिवशी तो मांडव उतरेपर्यंत तिथेच थांबला. सरदारजींनी त्याला टेबलावर बोटाने चित्र काढून दाखवलं. नळी जोडताना बाहेरून जसा आर्गन गॅस देतात तसा आतूनही सोडायला हवा. नाहीतर तापलेल्या स्टीलला आत हवा लागते, जोड आतल्या अंगाने साखरेसारखा खरबरीत होतो, आणि त्या खाचांमध्ये जंतू घर करतात. एखादी टाकी नशिबाने वाचते, पण एकदा जंतू शिरले की कितीही धुवा, निघत नाहीत. ही पद्धत आत्मारामने आयटीआयमध्ये ऐकली होती. शेडमध्ये ती कधीच वापरली गेली नव्हती.

घरी आल्यावर त्याने जयवंतीला सगळं सांगितलं, करंगळीसुद्धा. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं.

“थुकलाव ना?”

“थुकलो.”

“चूळ भरलीव?”

“दोनदा.”

“मंग देवी काय बोलनार नाय,” ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशीही ती त्याच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होती.

पुढच्या सुट्टीला आत्माराम ग्राइंडर पिशवीत घालून पुण्याला गेला. सालोमीने दुसरी टाकी रिकामी करून ठेवली होती. त्याने तळाची नळी कापली, मग ती उभी चिरली आणि दोन फाका उजेडात धरल्या. बाहेरून खवल्यांसारखा चकचकीत जोड. आत काळी, खरबरीत कड, जळलेल्या साखरेसारखी. बोट फिरवलं तर नख अडकलं. सालोमीने त्यातलं थोडं खरवडून काचेवर घेतलं आणि मायक्रोस्कोपमधून त्याला दाखवलं. बारीक बारीक माळा, जागच्या जागी थरथरणाऱ्या.

“ही बघा आपली पाहुणे मंडळी,” ती म्हणाली.

त्याला लाज वाटली, पण तिच्या बोलण्यात कुठेच ठपका नव्हता. उलट तिच्या चेहऱ्यावर मोठं ओझं उतरल्यासारखं दिसत होतं. इतके महिने ती स्वतःच्या हाताला दोष देत आली होती. तिने मागवून ठेवलेल्या सिलिंडरमधून आतून गॅस सोडून त्याने नवी नळी जोडली. पहिला जोड बिघडला, कापून टाकला. दुसरा जमला. त्याने चिमटीएवढा आरसा आत घातला, टॉर्च मारला. आतली बाजू चांदीसारखी स्वच्छ होती. त्याने सालोमीला बघायला लावलं, मग पुन्हा स्वतः बघितलं.

मार्च संपता संपता तिचा फोन आला. ती नमस्कारही न करता म्हणाली, “केळं! दादा, नुसतं केळं!”

आत्मारामने शेठला कापलेली फाक दाखवली होती. शेठने ती उलटसुलट केली आणि परत दिली. “आतून कोण बघतंय? गॅस लागतो, वेळ लागतो. आपलं काम चाललंय ना?”

आत्माराम वाद घालणारा नव्हता. पण एक विचार त्याची पाठ सोडेना. बिअरचं जाऊ दे. दुधाचं काय? इतकी वर्षं त्याने दुधाच्या टाक्या केल्या होत्या. एका सकाळी तो कामावर जाण्याआधी जवळच्याच एका डेअरीत गेला. त्याच्या हातची टाकी तिथे होती. डेअरीवाली विनया तिथलं सगळं एकटीने बघायची. त्याने विचारल्यावर ती लगेच म्हणाली, “अहो, उन्हाळ्यात ह्याच टाकीतलं दूध फाटतं. आम्ही बर्फवाल्याला दोष देत होतो.”

तो तिथून निघाला तो सरळ शेडवर गेलाच नाही. तळ्याच्या काठावर बसून राहिला. त्याला दुःख होत होतं हे खरं, पण त्याच्या आतच दुसरं काहीतरी जागं झालं होतं. काय बिघडलं ते आता त्याला माहीत होतं, आणि ते सुधारणं त्याच्या हातात होतं. असं त्याला याआधी कधी वाटलं नव्हतं. याआधी फक्त पुढचा पत्रा असायचा.

रात्रीच्या जेवणाला त्याने जयवंतीला सांगितलं की त्याला स्वतःची शेड टाकायची आहे. जूचंद्रलाच, चुलत्याची गाड्या ठेवायची जागा रिकामी होती. सालोमीकडून सगळं कळल्यावर सरदारजींनी एका टाकीचं काम देऊ केलं होतं.

“म्हंजे बिअरची,” जयवंती म्हणाली.

“मी दारू नाय बनवत. टाकी बनवतो.”

“सोन्याच्या हंड्यात घातली म्हनून दारूचं पानी होत नाय.”

तो ताटावरून उठला, हात धुतला. जयवंती भांडी गोळा करत होती. तिने सासऱ्याला पाहिलं नव्हतं, पण तिचा स्वतःचा भाऊ त्याच वाटेने गेला होता. तिला नवऱ्याचा चेहराही दिसत होता. गेले दोन महिने हा माणूस घरी येऊन बोलत होता. जोडाबद्दल, गॅसबद्दल, त्या मुलीच्या मायक्रोस्कोपबद्दल. आधी कामाचं एक अक्षर त्याच्या तोंडून निघत नसे.

“पयली टाकी दुधाची,” ती शेवटी म्हणाली. “त्या डेअरीवालीची. ती सुधारून द्या. मंग काय ती दुसरी करा. आणि आपल्या उंबऱ्याच्या आत बाटली येनार नाय.”

“नाय येनार.”

तसंच झालं. शेठची नोकरी सोडून त्याने चुलत्याच्या जागेत स्वतःची शेड टाकली. शेडमध्ये पहिल्यांदा आली ती विनयाची जुनी टाकी. आत्मारामने तिच्या सगळ्या नळ्या कापून नव्याने जोडल्या. विनया ती न्यायला आली तेव्हा त्याने तिच्या हातात टॉर्च आणि छोटा आरसा दिला. “आत बघा.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“कळंल. बघा तर.”

तिने बघितलं आणि कळलं. त्या मे महिन्यात तिचं दूध फाटलं नाही. जूनमध्ये तिने आणखी दोन डेअरीवाल्यांना त्याच्याकडे पाठवलं. काम हळूहळू वाढत गेलं. सरदारजींच्या टाकीला पावसाळा सगळा गेला, दिवाळीही उलटली, कारण आत्माराम प्रत्येक जोड दोनदा तपासत होता आणि मनासारखा नसला तर कापून टाकत होता.

डिसेंबरात पापडीला पुन्हा मांडव पडला. सालोमी आता पुण्याच्या त्या भट्टीची मुख्य होती. या खेपेला जयवंतीही आली. का आली, ते तिने सांगितलं नाही. नऊवारी नेसून, पदर घट्ट घेऊन ती मार्था आंटीच्या शेजारी बसली. मार्था आंटी म्हणजे सॅन्टन मास्तरांची बायको, फुगे तळणारी. थोड्या वेळाने जयवंती उठून पीठ मळायला लागली, कारण नुसतं बसणं तिला जमत नाही.

सालोमी हात पुसत तिच्याजवळ आली. जयवंतीने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मनातलं सरळ विचारलं. “पोरी, तुज्या या धंद्याने कुनाचं घर बुडलं तर?”

मार्था आंटीचा झारा थांबला. सालोमीने हातातला फडका खाली ठेवला.

“तो विचार येतो, काकी,” ती म्हणाली. “आमच्या नात्यातही गेलीत माणसं दारूपायी. मी कुणाला जास्त देत नाही. कुणी झोकांड्या खात आला तर देतच नाही, मालकाशी भांडून ते ठरवून घेतलंय. याहून मोठं उत्तर माझ्याकडे नाही.”

जयवंतीने मळलेल्या पिठाचा गोळा तोडला. “खोटं नाय बोललीस, तेवढं बरं केलंस,” ती म्हणाली, आणि गोळा तेलात सोडला.

मांडवात सालोमीने आत्मारामला पुढे बोलावलं. माइक त्याने घेतला नाही. कापलेल्या जुन्या नळीची फाक आणि नव्या पद्धतीने जोडलेली एक नळी, दोन्ही त्याने समोरच्या माणसाच्या हातात दिल्या. त्या हातोहात फिरत गेल्या. बिअर बनवणारे, प्यायला आलेले, शेजारच्या वाडीतले, सगळे त्यात बोट घालून बघू लागले. कुणी काही विचारलं की आत्माराम उत्तर द्यायचा, आधी अडखळत, मग मोकळेपणाने. बंगळुरूहून आलेल्या एका मुलाने तर त्याला अर्धा तास सोडलं नाही. फिरत फिरत नळ्या फुग्यांच्या कढईपर्यंत पोचल्या. जयवंतीने हात पदराला पुसले, आधी एकीत बोट घातलं, मग दुसरीत. दोन्ही पुढे करत ती मार्था आंटीला म्हणाली, “तुमीपन बघा.”

सरदारजींची टाकी त्याच महिन्यात तयार झाली. ट्रकवाला ती एकटाच घेऊन जाणार होता. आत्मारामने त्याला थांबवलं, मीही येतो म्हणाला. टाकी जिथे बसणार ती जागा, तिच्यातून जे निघणार त्याची चव घेणारी माणसं, सगळं त्याला बघायचं होतं. महाराष्ट्राबाहेर तो कधी गेला नव्हता. जयवंतीने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून दिली, स्वेटर शेजारणीकडून मागून आणला. ट्रक सुरू झाल्यावर ती केबिनच्या खिडकीपाशी आली.

“पोचलाव की फोन करा,” ती म्हणाली. “आणि त्या सरदारजींना सांगा, पुढच्या येळंला पापडीला येताव तर आपल्याकडं जेवायला या.”

“सांगतो,” आत्माराम म्हणाला. ट्रक हायवेकडे वळला, आणि तो खिडकीतून मान काढून, मागे दोराने बांधलेल्या टाकीकडे बघत राहिला.